छाया (नाव बदललेले)

वेश्याव्यवसायाला परवाना द्यायचा की नाही, यावर त्या वर्षी सगळ्या शहराला मत होतं. ज्यांनी त्या गल्लीचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांना होतंच, आणि ज्यांनी तोंड लपवून पाहिलं होतं त्यांना जरा जास्तच होतं. सरकारने एक मसुदा काढला होता. धंदा करणाऱ्या बायकांना कार्ड द्यायचं, ठरावीक मुदतीने त्यांची तपासणी करायची आणि सगळ्यांना उचलून शहराबाहेरच्या एका वसाहतीत नेऊन ठेवायचं. न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या फाटकापाशी लोक तावातावाने बोलत होते. त्या बायकांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि ही गोष्ट एका वृत्तवाहिनीच्या लक्षात आली.

लक्षात आली ती काही न्यायबुद्धीने नव्हे. समोरच्या वाहिनीने आदल्याच दिवशी याच विषयावर एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला रडवून दाखवलं होतं. यांना आता त्याच्यावर ताण करायची होती.

चर्चेसाठी पाहुणे गोळा करून आणायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला ऑफिसात सगळे जमव्या म्हणत. जमव्याने खटपट करून एक खरीखुरी बाई मिळवली. ती दुपारी आली, दिलेलं पाणी प्यायली, इकडेतिकडे पाहिलं आणि पर्स उचलून उठली.

"काय झालं?" जमव्याने घाबरून विचारलं.

"तुमच्याकडचे दोघं ओळखीचे निघाले. एक तो कॅमेऱ्यामागचा. दुसऱ्याचं नाव नाही सांगत. त्याचा फोटो तुम्ही खाली दारात लावलाय, केवढा तरी मोठा."

आणि ती जिना उतरून गेली. दारातला फोटो रोजच्या चर्चेच्या निवेदकाचा होता. जमव्याने ही बातमी गिळली, पोटात ठेवली आणि दुसरी बाई शोधायला लागला.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आवाज मुद्रित करायची एक खोली होती. तिथे त्या वेळी आत्या एका कार्टूनमधल्या कोंबडीला आवाज देत होती. आत्या म्हणजे नटी. वय पन्नाशीला टेकलेलं, आवाज भरदार, डोळे मोठे. एका कौटुंबिक नाटकात तिने वर्षानुवर्षं नायकाच्या आत्याचं काम केलं होतं. नाटक बंद पडलं, नायक जाडा होऊन राजकारणात गेला, पण हिचं नाव आत्या पडलं ते पडलंच. त्यानंतरही तिला मिळालं ते शेजारीण, नर्स, मुलीची आई, आणि एकदा तर अख्खा पहिला अंक पांघरुणाखाली प्रेत.

"आत्या, अर्ध्या तासाचं काम आहे," जमव्या धापा टाकत म्हणाला. "पडद्यामागे बसायचं. समोरून नुसती सावली दिसेल. आवाजही मशिनमधून बदलून जाईल."

"भूमिका काय?"

"वेश्येची."

आत्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "मध्यवर्ती आहे का?"

"तुमच्याशिवाय कार्यक्रमच नाही."

"मग बाई कशी आहे? कुठली? घरी कोण कोण? यात कशी आली?"

"ते तुम्ही बघा ना. आम्हाला फक्त दुःख पाहिजे."

"नुसत्या दुःखाने अंक चालत नाही रे बाबा. मध्येच कुठेतरी ती चिडली पाहिजे." मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "पण ही फसवणूक नाही का?"

"खरी बाई आली असती तरी तिचं नाव बदललं असतं, चेहरा झाकला असता, आवाज बदलला असता. एवढं सगळं बदलायचंच आहे, तर बाईही बदलली म्हणून बिघडलं कुठे?"

आत्याने यावर उत्तर फार शोधलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या येण्यावर पडदा अडला होता.

कार्यक्रमात तिच्या सावलीखाली अक्षरं आली: छाया (नाव बदललेले). एका बाजूला विद्यापीठातल्या प्राध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी या विषयावर एक जाड पुस्तक लिहिलं होतं आणि त्यांचं म्हणणं होतं की हे इतर कामांसारखंच काम आहे, परवाना मिळालाच पाहिजे. दुसऱ्या बाजूला सार्वजनिक नीती मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळे नीतीवाले म्हणत. त्यांचं म्हणणं, परवाना म्हणजे पापाला सरकारी शिक्का. निवेदक मधे बसला होता आणि दोघांना समान अंतरावरून भडकवत होता.

"छायाताई, तुम्ही या व्यवसायात कशा आलात?"

आत्याने आधी एक लांब श्वास घेतला. हा श्वास ती नाटकात आत्याच्या नवऱ्याच्या मृत्यूची तार येते तिथे घ्यायची. मग तिने एका जुन्या नाटकातला सावत्र बाप घेतला, दुसऱ्यातला खोटं लग्न लावणारा कारकून घेतला, तिसऱ्यातलं पावसातलं स्टेशन घेतलं आणि तिन्हींना असं काही बेमालूम जोडलं की कॅमेऱ्यामागच्या माणसाने नाक पुसलं.

"म्हणजे हिने परिस्थितीत राहून निर्णय घेतला," प्राध्यापिका म्हणाल्या. "तिच्या निर्णयाचा आपण मान ठेवायला हवा."

"निर्णय?" पडद्यामागून आवाज चढला. ती इथे चिडणार होतीच. "बाई, भुकेला पर्याय विचारता येत नाहीत."

"ऐका! ऐका!" नीतीवाले टाळ्या पिटत म्हणाले. "बहिणी, तू ये आमच्याकडे. आमचं मंडळ तुला शिलाई मशीन देईल."

"द्याल हो. पण त्या मशिनवर शिवलेलं तुमच्या घरातलं कोणी अंगाला लावेल का?"

आता प्राध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपला तेव्हा दोघांचीही खात्री झाली होती की छाया आपल्या बाजूची आहे. निवेदक कॅमेऱ्याकडे पाहत भरल्या गळ्याने म्हणाला, "आज आपण एका अशा जगात डोकावलो, जे आपल्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही." बाजूला उभ्या जमव्याला जोराचा ठसका लागला.

आत्या घरी पोचली तेव्हा तिचा नवरा त्याच कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण पाहत होता. हा गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला होता आणि आता वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा. परवान्याच्या विरोधात त्याची चार पत्रं छापून आली होती, ती त्याने कापून आरशाच्या कडेला खोचली होती.

"अगं, ये ये, बघ. काय बाई आहे! आवाजच सांगतो, पक्की मुरलेली."

आत्या चपला काढता काढता थांबली. "आवाज ओळखीचा वाटतो का हो?"

"मला कसा वाटेल? तुला काय म्हणायचंय?" तो ताडकन सरळ बसला. "अशा बायकांचा आवाज मी कुठे ऐकणार?"

"तसं नाही. सहज विचारलं."

"पण बोलते मात्र मनापासून. तुमच्या नाटकातल्या बायकांना शंभर जन्मांत असं जमायचं नाही. ते सगळं खोटं. हे बघ, याला म्हणतात अनुभव."

आत्या स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांच्या आवाजाच्या आडोशाने पोटभर हसली. मग तिला वाटलं, आपल्याला रडूही यायला हवं होतं. लग्न झाल्यापासून या माणसाने तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. 'घरी रोज बघतो, तिकीट कशाला काढू' हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्यानंतर छाया आठवड्यातून दोनतीनदा टीव्हीवर यायला लागली. अग्रलेखांत तिची वाक्यं आली. एका महाविद्यालयात 'भुकेला पर्याय विचारता येत नाहीत' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा झाली आणि पहिलं बक्षीस एका कारखानदाराच्या मुलीने पटकावलं. शेवटी सरकारने मसुद्यावर सुनावणी घ्यायला एक समिती नेमली. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती. सदस्य म्हणून प्राध्यापिका आणि नीतीवाले, म्हणजे टीव्हीवर जे फुकट भांडत होते तेच आता भत्ता घेऊन भांडणार. आणि समितीने ठरवलं, की पीडित महिलांच्या वतीने छायाताईंचीच साक्ष घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या तालमीच्या हॉलमध्ये एकटीच बसून कपड्यांच्या ट्रंका लावत होती, तेव्हा दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक साधारण तिच्याच वयाची, केस घट्ट बांधलेली. दुसरी तिशीची, तिच्या हातात कोणाची तरी शाळेची पिशवी.

"छाया तुम्हीच ना?" थोरलीने विचारलं.

आत्या ट्रंकेत आणखी खाली वाकली. "कोण छाया?"

"आता उगाच लपवू नका. तुमचं ते आत्याचं नाटक मी पाहिलंय. एका गिऱ्हाइकाने नेलं होतं. तो बिचारा झोपला, मी शेवटपर्यंत बघितलं. तार येते तेव्हा तुम्ही जो श्वास घेता ना, तोच टीव्हीवर घेतलात. मशीन आवाज बदलेल, श्वास कसा बदलेल?"

आत्याने ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्याच्यावर बसली. आता ही थोबाडीत मारणार, तर मारू दे, असं तिने मनाशी ठरवलं.

थोरली म्हणाली, "काम चांगलं करता. पण दुसऱ्या दिवशी जरा जास्त रडलात."

"मला माफ करा हो. मी..."

"माफीबिफी राहू दे," धाकटी म्हणाली. तिला घाई होती, मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. "तुम्हाला समितीपुढे बोलावलंय ना? मग आमचं बोला."

"पण तुम्हीच जा ना! तुमचा हक्क आहे."

"गेलो होतो की," थोरली म्हणाली. "अर्ज घेऊन गेलो. समितीचे चिटणीस म्हणाले, पीडितांची बाजू मांडायला छायाताई आहेत, गर्दी नको."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोघींना खुर्च्या दिल्या, थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाली, "सांगा. तुम्ही सांगाल ते अक्षरन् अक्षर बोलते. तुम्हाला परवाना हवाय ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

"नाही," थोरली म्हणाली.

आणि दोघींचं तिथेच जुंपलं.

"मागच्या वर्षी एकाने माझा हात मोडला," धाकटी म्हणाली. "चौकीत गेले तर साहेब म्हणतो, तक्रार लिहितो, पण आधी तुझ्यावर गुन्हा लिहितो. कार्ड असतं तर मला असं म्हणाला असता का?"

"कार्ड असतं तर फोटोसकट तुझं नाव सरकारात असतं. आज तू हे सोडून कुठे धुणीभांडी करायला गेलीस तर कोणाला पत्ता नाही. उद्या पोरीचं लग्न निघालं आणि कोणी ते कार्ड काढून दाखवलं म्हणजे?"

"हिला धंदा सोडून जायचंय म्हणून कार्ड नको. मला इथेच राहून पोरगी शिकवायचीय!"

"वसाहत कुठे आहे ते बघितलंस का? खाणीच्या पलीकडे. शेवटची बस संध्याकाळीच जाते. घरभाडं ठेकेदार ठरवणार. आज पोलीस एकटा खातो, उद्या पोलीसही खाईल आणि ठेकेदारही."

"आणि आज काय तू उपाशी ठेवतेस त्याला?"

आत्या या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. टीव्हीवरच्या इतक्या चर्चांत बसली होती, पण तिथे असं भांडण झालं नव्हतं. तिथे कोणाचा हात मोडलेला नव्हता.

"मग मी बोलू तरी काय?" तिने विचारलं.

"भांडण आहे तसंच सांगा," थोरली म्हणाली. "दोन्ही बाजू. आणि जे आमचं दोघींचं एक आहे तेही सांगा. आम्हाला धरून नेणं बंद करा. आणि तपासणी करायचीच असेल तर आलेल्या पुरुषाचीही करा. आजार आम्ही काय झाडावरून काढतो?"

"तुम्ही दोघी माझ्याबरोबर चला," आत्या म्हणाली. "मदतनीस म्हणून नावं देते तुमची. मी चुकले तर तिथल्या तिथे सांगा."

सुनावणी जुन्या सचिवालयातल्या एका लांबट दालनात झाली. साक्षीदाराची लाज राखायला म्हणून दवाखान्यातला हिरवा पडदा आणून लावला होता. तो इतका आखूड होता की आत्याच्या चपला आणि पोटऱ्या सगळ्यांना दिसत होत्या. पत्रकार भिंतीला टेकून उभे होते. दाराशी एक पोलीस.

न्यायमूर्ती मायाळू आवाजात म्हणाले, "ताई, घाबरू नका. आपल्या शब्दांत सांगा."

आत्याने या खेपेला तो लांब श्वास घेतला नाही. साध्या आवाजात तिने धाकटीचा हात सांगितला, थोरलीची भीती सांगितली, खाणीपलीकडची बस सांगितली, ठेकेदार सांगितला. आमच्यातच एकमत नाही, असंही सांगितलं. पहिली काही मिनिटं सदस्य पेन सरसावून बसले होते. मग नीतीवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. प्राध्यापिका समोरचा कागद उलटसुलट करायला लागल्या. बसच्या वेळापत्रकापाशी न्यायमूर्तींना जांभई आवरेना.

"ते ठीक आहे," नीतीवाले म्हणाले. "पण तुमच्या सावत्र वडिलांबद्दल बोला ना. परवा टीव्हीवर फार सुंदर बोललात."

"त्या पावसातल्या स्टेशनवरचा प्रसंग नोंदीत यायलाच हवा," प्राध्यापिका म्हणाल्या. इतक्या महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"ते राहू द्या," पडद्यामागून आत्या म्हणाली. "आमची एक मागणी आहे. तपासणी आमच्याकडे येणाऱ्या पुरुषांचीही व्हावी. कार्ड त्यांनाही द्या."

दालनात एकदम खोकल्याची साथ आली. न्यायमूर्ती सावरून म्हणाले, "ताई, हे व्यवहार्य नाही. समाजातल्या निम्म्या लोकांची तपासणी करायची म्हणजे यंत्रणेवर किती ताण येईल!"

"म्हणजे निम्मे येतात हे तुम्हाला मान्य आहे," मागून आवाज आला.

थोरली उभी राहिली होती.

"या कोण?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"मी धंदा करते. जे विचारायचं ते मला विचारा. इतकी वर्षं त्याच गल्लीत काढली."

सदस्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही, केस नीटनेटके. नीतीवाले न्यायमूर्तींच्या कानाशी लागले, पण माइक चालू होता. "ही शिकवून आणलेली वाटते. खऱ्या बाईची कळ अशी नसते."

चिटणीस नियमाचे पक्के होते. "आपण तो व्यवसाय करता याचा काही पुरावा?"

"पुरावा?" थोरलीला हसू आवरेना. "त्याचं सर्टिफिकेट आजवर कोण देत होतं? तेच तर तुम्ही आता द्यायला निघालात."

दारातला पोलीस चुळबुळत पुढे आला. "साहेब, आजच्या कायद्यात ही असं कबूल करत असेल तर मला हिला धरावं लागेल."

न्यायमूर्तींनी कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. "मग ती असं म्हणालीच नाही असं लिहा."

"म्हणजे ती धंदा करत नाही असं लिहू?" चिटणीसांनी विचारलं.

"हो."

"मग ती इथे बोलू शकत नाही. आज फक्त पीडितांची साक्ष आहे."

"तर मग बाई, आपण बाहेर बसा," न्यायमूर्ती म्हणाले.

पोलिसाने थोरलीचा दंड धरला. धाकटी "हात लावायचं काम नाही!" म्हणून ओरडली आणि तिलाही त्याच हिशेबाने बाहेरची वाट दाखवायला कचेरीचा एक शिपाई धावला. त्याच क्षणी आत्याने पडदा बाजूला सारला. पडदा दवाखान्यातला, त्याची चाकं गंजलेली. तो सरकला नाही, सरळ आडवाच झाला.

कॅमेरे लखलखले.

"थांबा!" आत्या गरजली. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज. "खोटी मी आहे. या दोघी खऱ्या आहेत. मी नटी आहे. सावत्र बाप नाटकातला, स्टेशन नाटकातलं, पाऊससुद्धा विंगेतून पाडलेला. मी लग्नाची बाई आहे, माझा नवरा पाणीपुरवठ्यात होता. मला बाहेर काढा आणि यांचं ऐका!"

पत्रकार पुढे सरसावले. मग प्राध्यापिकांचे डोळे भरून आले.

"बघा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "स्वतःची ओळख नाकारणं. दीर्घकाळ अत्याचार सोसलेल्या स्त्रीचं हे लक्षण आहे. माझ्या पुस्तकात सातव्या प्रकरणात हेच आहे."

"लाज हो, लाज!" नीतीवाले गहिवरले. "अजून हिच्या मनात लाज शिल्लक आहे. लग्नाची बाई म्हणवून घेते बिचारी. अशांना तर आपण वाचवलं पाहिजे."

"अहो, मी खरंच नटी आहे!" आत्याने कळवळून सांगितलं. "विचारा कोणालाही! मी आत्याचं काम करायचे!"

"शांत व्हा ताई. पाणी आणा रे यांना," न्यायमूर्ती म्हणाले, आणि चिटणीसांनी नोंद केली: साक्षीदार भावनाविवश झाल्याने साक्ष थांबवण्यात आली.

बाहेरच्या पायऱ्यांवर तिघी बसल्या. धाकटीला राग आवरत नव्हता, थोरली मात्र पोट धरून हसत होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "जन्मभर आम्ही सांगतोय आम्ही चांगल्या बायका, कोणाला पटत नाही. आता बसा तुम्हीही आमच्या पंगतीला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आत्याचा फोटो होता. आडवा पडदा, वर उंचावलेला हात. मथळा: 'अखेर छाया प्रकाशात'.

नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात आत्याला पाहून भिंतीला चिकटली, आणि मग राहवेना म्हणून हळूच म्हणाली, "वहिनी, आम्हाला कधी काही जाणवू दिलं नाहीत हो." तालमीच्या हॉलच्या मालकाने किल्ली परत मागितली. कार्टूनवाल्यांनी कोंबडी दुसरीकडे दिली, कारण कार्यक्रम लहान मुलांचा.

"तू नटी आहेस हे सिद्ध कर!" नवरा ओरडला. "एक माणूस आण, ज्याने तुझं काम पाहिलंय!"

"ज्यांनी पाहिलंय ते शेकड्यांनी असतील. तुम्ही का नाही त्यात, ते आधी सांगा."

तो कपडे करून तडक वाहिनीच्या ऑफिसात गेला. माफी मागा, नाहीतर कोर्टात खेचतो, असं त्याने जमव्याला सुनावलं. जमव्याने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची बाजू लोकांपुढे यायलाच हवी. आज संध्याकाळी मोकळे आहात का? चेहरा दिसणार नाही."

आता ज्या माणसाने आयुष्यभर वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यासाठी पत्रं लिहिली, त्याला कोणी अर्धा तास देऊ केल्यावर तो काय करणार? संध्याकाळी आत्याने टीव्ही लावला तर सावली, आणि खाली अक्षरं: छायाचा पती (नाव बदललेले). सावली खर्जातल्या आवाजात सांगत होती की मला सगळं ठाऊक होतं, तरी मी तिला पदरात घेतलं, समाजाशी झुंजलो. नीतीवाले त्याला 'महात्मा' म्हणाले.

तो घरी आला, पाणी प्यायला आणि जरा वेळाने न राहवून म्हणाला, "ओळखू आलो का गं?"

"पहिल्याच वाक्याला," आत्या म्हणाली.

"अगदी? आवाज तर बदलला होता."

"आवाज बदलतात हो. खोटं बोलताना तुम्ही मध्येच 'म्हणजे कसं' म्हणता, ते कुठे बदलतंय?"

त्या आठवड्यात आरशावरची जुनी पत्रं त्याने स्वतःच काढून टाकली. त्याला वाहिनीने पुन्हा दोनदा बोलावलं होतं आणि आता तो परवान्याच्या बाजूने बोलत होता. तिथे त्याच बाजूची जागा रिकामी होती.

कायदा झाला. कार्ड आलं, तपासणी आली, वसाहत आली. पुरुषांच्या तपासणीचा मुद्दा 'पुढील अभ्यासासाठी' ठेवला गेला. समितीचा अहवाल 'छायाताईंच्या धैर्यास' अर्पण केलेला होता. थोरलीने कार्ड घेतलं नाही. ती भावाच्या गावी गेली. भाऊ सगळ्यांना सांगतो, ताई इतकी वर्षं परदेशात नर्स होती. मग काय, गावातले लोक तिच्याकडे पाय मुरगळले की येतात. धाकटीने कार्ड घेतलं. दोघींनी जाताना एकमेकींना काय काय ऐकवलं ते आत्याला दोन्हीकडून कळलं आणि दोन्हीकडचं वेगळं होतं.

एका दुपारी आत्या खाणीपलीकडच्या वसाहतीत गेली. फाटकावरच्या रखवालदाराने कार्ड मागितलं.

"मी नटी आहे. भेटायला आलेय."

"पहिल्या दिवशी सगळ्या असंच काहीतरी सांगतात," तो समजूतदारपणे म्हणाला. शेवटी धाकटीने येऊन तिला आत नेलं.

नव्या भिंती, ओल्या चुन्याचा वास, एकसारखी दारं. धाकटीने चहा केला. मुलगी शाळेत होती. सकाळची बस मिळावी म्हणून तिला आता फार लवकर उठावं लागायचं.

"कसं आहे?" आत्याने विचारलं.

धाकटीने खरोखरच विचार केला. "महिन्यापूर्वी एकाने मारलं. चौकीत गेले. तक्रार लिहून घेतली. पुढे काही झालं नाही, पण लिहून घेतली. आधी लिहूनही घ्यायचे नाहीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "भाड्याचं मात्र ती म्हणत होती तसंच झालं. तिला सांगू नका."

आत्याने सांगितलं की तिला एक नवं नाटक मिळालंय. सगळी उठाठेव वाचून एका तरुण दिग्दर्शकाला वाटलं होतं की ही बाई गर्दी खेचेल. भूमिका न्यायाधीशाची.

"न्यायाधीशाच्या बायकोची?"

"नाही गं. न्यायाधीशाचीच."

"मग मजा आहे तुमची. नुसतं बसायचं आणि जांभया द्यायच्या."

बसची वेळ झाली तशी धाकटी तिला फाटकापर्यंत सोडायला आली.

"मला पहिल्या प्रयोगाचं तिकीट द्याल?" ती म्हणाली. "पण ती येणार असेल त्या दिवशीचं नको. तिचं तोंड बघायचं नाही मला."

कालच थोरलीचाही फोन आला होता, आणि तिने हेच, याच शब्दांत सांगितलं होतं.

"बरं," आत्या म्हणाली. बस हलली तेव्हा शेजारशेजारच्या दोन खुर्च्या कुठल्या रांगेतल्या ठेवाव्या, याचा ती विचार करत होती.